वन्संचे झाकण आणि सात डबे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी टंकलेखन व आता स्वयंपाक, हा मजकूर माझ्याच मशीनवर, माझ्याच हाताने टाइप करून ठेवत आहे. मी शुद्धीत आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही, आणि कसल्या औषधाची गुंगीही मला नाही. अठ्ठावीस वर्षे मी दस्तलेखकाच्या कचेरीत लोकांची मृत्युपत्रे टाइप केली. त्या प्रत्येकात “कोणाच्याही दडपणाखाली न येता” हे शब्द असत. ते मी इथे घालत नाही. माणसाचे दडपण माझ्यावर नाही, भीतीचे आहे, आणि ती गेले दोन महिने माझ्या उशाशी बसून आहे.

सोबत डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. त्यात “सर्व इंद्रिये शाबूत” असे लिहिले आहे. डॉक्टरांनी मला भिंतीवरची अक्षरे वाचायला लावली, माझ्या पाठीमागे उभे राहून कुजबुजून पाहिले, पाच आकडे उलटे म्हणायला सांगितले. नाकाचे त्यांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दाखल्याचा तेवढा भाग खोटा आहे. कलम सहा पाहावे.

हे वाचले जाईल तेव्हा मी नसेन. वाचणाऱ्याने बाकी सगळे बाजूला ठेवून आधी कलम आठ वाचावे आणि उठून फ्रीझर उघडावा. घर आणि ठेव कुठे पळून जात नाहीत.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, मुलगा व सून या दोघांच्या नावे निम्मे निम्मे करावे. मुलगा बस डेपोत मेकॅनिक आहे, सून औषधांच्या दुकानात काम करते, आणि घराचे हप्ते दोघांनी मिळून फेडले आहेत. सुनेचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. मी टाइप केलेल्या शेकडो मृत्युपत्रांत सुनेच्या वाट्याला भांडी येत. स्वयंपाकघराची खिडकी बुजवून मुलाला तिथे कपाट करायचे आहे, हे मला ठाऊक आहे. बुजवू नये. वाफ जाणार कुठून?

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. नात पाच वर्षांची आहे आणि एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात. ही ठेव माझ्या पगारातून झालेली नाही. यांचा, म्हणजे माझ्या दिवंगत यजमानांच्या नोकरीचा, कारखाना बंद पडल्यावर माझा पगार महिन्याच्या विसाव्या तारखेलाच दम तोडत असे. ठेव झाली ती हाडांच्या पाण्यातून. स्टॉक हा शब्द सुनेने घरात आणला. मी आपली हाडांचे पाणीच म्हणत आले.

कलम ३. टाइपरायटर मुलाला द्यावा. दस्तलेखक साहेबांनी माझ्या निवृत्तीच्या दिवशी चार लोकांसमोर तो मला भेट दिला, कारण तो मोडला होता आणि भंगारवाला तो न्यायला तयार नव्हता. टाळ्या मात्र वाजल्या. मुलाने तो डेपोतल्या हत्यारांनी दुरुस्त केला. साहेबांना मी अजून माफ केलेले नाही आणि आता करायला वेळही नाही.

कलम ४. मोठे जाड बुडाचे पातेले सुनेला द्यावे. त्यासोबत पुढील माहितीही तिचीच.

हाडे मी खाटकाकडून आणत असे. तो ती फुकट देई. पहिल्या दिवशी त्याने विचारले, “कुत्र्यासाठी का हो, ताई?” मी म्हटले, “हो. मोठा आहे, खातो भरपूर.” घरी येऊन यांना सांगितले, तर हे जेवता जेवता भुंकले. कारखाना बंद झाल्यापासून त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा हसलो.

भाजी चिरताना निघते ते टाकायचे नाही. कांद्याची साले रंगाला, गाजराची टोके, कोथिंबिरीच्या काड्या, टोमॅटोची देठे, मटारची टरफले, सगळे एका पिशवीत फ्रीझरमध्ये साठवायचे. कोबी नको, पाणी कडवट होते. बटाट्याच्या साली नकोत, गढूळ होते. पिशवी भरली की हाडांसोबत गार पाण्यात घालून गॅस मंद करायचा. पाण्याने खदखदायचे नाही, नुसते थरथरायचे. फेस काढत राहायचे. मीठ घालायचे नाही, ते ज्या पदार्थात पडेल त्यात पडेल. तीन-चार तासांनी गाळायचे, आणि गाळल्या गाळल्या पसरट भांड्यांत ओतून, ती भांडी गार पाण्यात बसवून निववायचे. मग डबे भरायचे. वर चरबीचा थर धरतो, तो फोडणीला. असल्या पाण्यात शिजलेला भात नुसता खाता येतो, डाळीला पातळपणा जाणवत नाही, आणि अर्ध्या भाजीत घर जेवते. तीन वर्षे आम्ही असे काढली आणि दाराबाहेर कोणाला कळले नाही.

या पातेल्याला झाकण नव्हते. शिजताना मी वर ताट ठेवी, निवताना नुसते धुतलेले फडके. बाकी सगळे मी जाणून करत होते, पण वाफ कोंडत नाही म्हणून पाणी नासत नाही, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. ते फार उशिरा कळले.

कलम ५. पातेल्याचे झाकण वन्संना, म्हणजे माझ्या नणंदेला, परत करावे.

सासूबाई गेल्या तेव्हा भांड्यांची वाटणी झाली. वन्सं म्हणाल्या, “पातेलं तुम्ही ठेवा वहिनी, झाकण मी नेते. आईची आठवण.” आठवण म्हणून कोणी झाकण नेते का? अंगठी नेतात, फोटो नेतात. पातेले लंगडे करायचे, एवढाच त्यातला हेतू. मीही कमी नव्हते. दुसरे झाकण बाजारात मिळाले असते, पण मी घेतले नाही. वन्सं घरी आल्या की पातेल्यावर ताट ठेवून ते त्यांना दिसेल असे मांडायचे, आणि त्यांच्याकडे गेले की झाकण कपाटावर दिसेल अशा खुर्चीत त्या मला बसवायच्या. असे एकतीस वर्षे चालले. दोघींच्याही केसांची चांदी झाली, पण एकीनेही माघार घेतली नाही.

या उन्हाळ्यात वन्सं लेकीकडे राहायला जाणार म्हणून घर आवरत होत्या. स्वतः रिक्षाने आल्या, झाकण टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “घ्या तुमचं झाकण, वहिनी. जिंकलात.” चहासुद्धा न घेता गेल्या. मी ते घासले, पुसले, पातेल्यावर बसवून पाहिले. ते घट्ट बसले, जरासुद्धा हलेना. मला इतका आनंद झाला की आता लिहिताना लाज वाटते.

कलम ६. दोन वर्षांपूर्वी मला आठवडाभर ताप आला. ताप उतरला आणि माझे नाक गेले. सर्दी नव्हती, श्वास नीट येत होता, पण वास कशाचाच येईना. फोडणीचा नाही, साबणाचा नाही, पावडर लावलेल्या भिंगरीच्या मानेचा नाही. एकदा सून बाहेरच्या खोलीतून धावत आली. “आई, दूध करपलं! तुम्हाला वास नाही आला?” मी त्या पातेल्याशेजारीच उभी होते. म्हटले, “अगं, खिडकी उघडी होती ना.” ते पहिले खोटे. त्यानंतरची मोजलेली नाहीत.

का लपवले, ते स्पष्ट लिहिते. मी घाबरले. नाक नसलेल्या बाईच्या हाती स्वयंपाकघर कोण देईल? आणि स्वयंपाकघर गेले तर या घरात मी कोण? कोपऱ्यात बसवलेली म्हातारी, जिला जाता येता “आई, काही हवंय का” एवढेच विचारतात. तशा म्हाताऱ्यांची मृत्युपत्रे मी टाइप केली आहेत. त्यांना जिवंतपणीच कोणी काही विचारत नसे.

म्हणून मी भिंगरीशी एक खेळ सुरू केला. तिने डोळे मिटायचे, मी भांडे पुढे करायचे, आणि वास कसा आहे ते तिने सांगायचे. “पावसाच्या मातीसारखा.” “बाबांच्या शर्टासारखा.” “छान.” तिला वाटे खेळ आहे. मी पाच वर्षांच्या पोरीचे नाक उसने घेऊन घर चालवत होते. सून एकदा कौतुकाने म्हणाली, “किती खेळता हो तुम्ही तिच्याशी!”

कलम ७. झाकण आले त्याच दिवशी मी पातेलेभर पाणी केले. संध्याकाळी गॅस बंद केला, आणि पातेले तसेच कढत असताना त्यावर झाकण घातले. गाळले नाही, निववले नाही. सारे सकाळवर टाकले. एकतीस वर्षांनी पातेल्याला झाकण आले होते, ते मला मिरवायचे होते. घरात बघणारे कोणी नव्हते, तरी मिरवायचे होते. दिवस कडक उन्हाळ्याचे होते.

सकाळी झाकण उघडले. पाणी दिसायला चांगले होते, कडेला चार बुडबुडे. भिंगरीला बोलावले. तिने डोळे मिटले आणि नाक मुरडले. म्हणाली, “आजी, झाकणाला घाण वास येतोय.”

आणि मी हसले. मी म्हटले, “येणारच. वन्संच्या घरचा वास आहे तो.” हे वाक्य मला किती गोड लागले असेल! मी झाकण पुन्हा घासले. पाण्याकडे वळूनही पाहिले नाही. चाखले नाही, कारण अळणी पाणी मी कधीच चाखत नाही. गाळून आठ डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवले, आणि उरलेल्याचे उकळून सूप केले. भिंगरी जेवत नव्हती, म्हणून तिला गोष्ट सांगत सांगत दोन कप पाजले. मुलाने थोडेसे घेतले. सूनबाई दुकानात होती. मी पाव खाल्ला.

संध्याकाळपर्यंत भिंगरीला उलट्या सुरू झाल्या. हॉस्पिटलात दोन दिवस तिच्या हाताला सलाईन होते. तो हात माझ्या दोन बोटांएवढा होता. डॉक्टरांनी विचारले, “बाहेरचं काही खाल्लं होतं का?” कोणी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, “शाळेबाहेर बर्फाची कांडी खाल्ली होती.” ते खरे होते, पण आदल्या दिवशीचे. मुलाचेही पोट बिघडले होते, पण त्याने डेपोच्या कँटीनला शिव्या दिल्या. मग तो तडक शाळेपाशी गेला आणि बर्फवाल्याला चार पालकांसमोर नाही नाही ते बोलला. शाळेने दुसऱ्या दिवशी त्याची हातगाडी हटवली. बर्फवाला म्हणत होता म्हणे, “साहेब, माझीच पोरं हाच बर्फ खातात.”

त्या दुसऱ्या दिवशीच मी कपडे न्यायला घरी आले. का कोण जाणे, फ्रीझरमधला एक डबा काढला, गरम पाण्यात धरून थोडा वितळवला आणि चमचाभर जिभेवर घेतला. माझे नाक गेले आहे, जीभ नाही. आंबट. तो डबा बेसिनमध्ये ओतला, कपडे घेतले आणि हॉस्पिटलात परत गेले.

कलम ८. त्या दिवसाचे सात डबे फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात उजव्या हाताला आहेत. निळी झाकणे. ते कोणी उघडू नयेत, चाखू नयेत, कितीही उकळून वापरू नयेत. सून एकदा सहज बोलून गेली होती की नासलेल्या अन्नातली काही विषे उकळून जात नाहीत.

आपणच का नाही फेकले, असे वाचणारा विचारेल. फ्रीझरच्या दारावर सुनेने यादी लावली आहे: वाटाणे, पाव, स्टॉक सात. दर रविवारी ती यादी ताडून पाहते. मी या घरात लिंबाची फोडसुद्धा वाया जाऊ दिलेली नाही. मी सात डबे अन्न ओतून टाकते आहे म्हटल्यावर आधी डॉक्टर बोलावतील, मग कारण विचारतील. एकदा धीर करून दोन डबे बाहेर काढलेही होते. सून मागून आली. “असू देत ना आई. एकदम चार माणसं आली तर होतील.”

मी रोज या वाक्याचा विचार करते. चार माणसे एकदम केव्हा येतात? मी मेल्यावर येतात. घरात चूल पेटवायला कोणाला सुचणार नाही. सून बिचारी रडत रडत फ्रीझर उघडेल, म्हणेल, आईंच्या हातचं आहे, आणि सगळ्यांना कपभर गरम देईल. भिंगरीलाही देईल. मीच शिकवले आहे तिला, की साठवलेले वेळेला उपयोगी पडते. मला मरणाची भीती नाही. मेल्यावर माझ्या हातचे कोणी खाईल याची आहे.

कलम ९. हाच छोटा फ्रीझर शाळेबाहेरच्या बर्फवाल्याला द्यावा. मुलाने स्वतः तो त्याच्या दारी पोचवावा आणि तिथे उभे राहून हे कलम मोठ्याने वाचावे, की बर्फात दोष नव्हता, दोष माझ्या पातेल्यात होता, आणि मला तो दुसऱ्याच दिवशी कळूनही मी तोंड उघडले नाही, कारण मला

पुरवणी. वरचे वाक्य अर्धे आहे ते तसेच राहू द्यावे. कागद फाडून नवा घेणे मला जमत नाही, आणि अर्धे का राहिले तेही कागदावर असलेले बरे.

“मला” हा शब्द टाइप होत असताना सून स्वयंपाकघरातून म्हणाली, “आई, भिंगरीचं नाक चोंदलंय, घसाही धरलाय. तुमचा एक डबा काढलाय हं. गरम गरम सूप देते तिला.”

मी अठ्ठावीस वर्षे लोकांना सांगत आले की मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलते. ते माझ्या डोक्यात त्या क्षणी शिरले. मी धावले. गुडघे दुखतात, तरी धावले. गॅसवर पातेली होती, तीत बर्फाचा गोळा अर्धा वितळला होता, आणि भिंगरी कप हातात घेऊन ओट्याला टेकून उभी होती. तिला वास येत नव्हता. मला येत नव्हता. सून गोठलेल्या डब्याचा काय वास घेणार? मी पातेली उघड्या हातांनी उचलली आणि बेसिनमध्ये उलटी केली.

“आई! हात भाजला ना! काय करताय?”

“ते खराब आहे. सगळे डबे खराब आहेत. भिंगरी आजारी पडली ती त्यानेच.”

मग मी सगळे सांगितले, कलम सहापासून. उभ्यानेच सांगितले. सुनेने गॅस बंद केला. माझा हात नळाखाली धरला. मग उरलेले सहा डबे काढले आणि गरम पाण्याच्या धारेखाली एकेक रिकामा केला. शेवटचा डबा विसळताना तिने विचारले, “हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“तेव्हा नाही. दुसऱ्या दिवशी कळलं.”

“आणि मग?”

तिने डबे पालथे घातले, दारावरच्या यादीतली एक ओळ खोडली. म्हणाली, “उद्यापासून भिंगरीचं मी करून जाईन.” आवाज चढवला नाही. ज्या वाक्याला मी दोन वर्षे भीत होते, ते असे हळू आवाजात आले.

मुलगा डेपोतून आला, त्याला तिने सांगितले. चपला न काढता तसाच शाळेकडे गेला. तासाभराने परत आला. गाडीची जागा रिकामी आहे, समोरचा वह्यांचा दुकानदार म्हणतो, तो माणूस बिऱ्हाड घेऊन दुसरीकडे गेला, कुठे ते कोणाला माहीत नाही. मुलगा दाराशीच बसला. म्हणाला, “मी त्याला काय काय बोललो, आई. त्याचं पोर शेजारी उभं होतं.”

तेव्हा खालीलप्रमाणे दुरुस्ती करते. कलम आठ रद्द, डबे राहिलेले नाहीत. कलम नऊ कायम. बर्फवाल्याचा शोध मुलाने घेत राहावे. मी जिवंत असताना सापडला तर वाचायला मी स्वतः जाईन. कलम पाचमध्ये भर: वन्संना झाकण परत देताना कारणही सांगावे. त्यांनी हसावे, माझी हरकत नाही. डॉक्टरांनी दाखला दुरुस्त करून द्यावा.

भीती गेली असे समजू नये. डब्यांची गेली. आता उद्या सकाळची आहे, जेव्हा माझ्यासमोर भिंगरीचे ताट दुसऱ्या हाताने वाढले जाईल आणि मला त्याकडे बघत बसावे लागेल.

भिंगरीला मी स्वतः सांगितले, तिला कळेल असे. ती चोंदलेल्या नाकाने म्हणाली, “पण मी तुला सांगितलं होतं ना आजी, वास येतोय म्हणून.”

“हो गं. सांगितलं होतंस.”

“मग तू ऐकलं का नाहीस?”

हा मजकूर मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला आहे, आणि त्यांच्या देखत सही केली आहे. उजव्या हाताला पट्टी असल्याने सही वाकडी आली आहे, ती माझीच आहे.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली: शेजारीण, शिवणकाम करणारी. सही.

साक्षीदार दुसरे: डॉक्टर. सही. (दाखला दुरुस्त केला: घ्राणेंद्रिय सोडून सर्व इंद्रिये शाबूत.)

साक्षीदार तिसरी: नात, वय वर्षे पाच. पेन्सिलीची रेघ. अज्ञान मुलाची साक्ष कायद्याने चालत नाही, हे मी इतरांना कितीदा सांगितले आहे. तरी ही रेघ कोणी खोडू नये. हिने आपली साक्ष झाकण उघडले त्या सकाळीच दिली होती.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: अकरा, गुरुवार, संध्याकाळचे सहा